कोवळ्या जोंधळ्याचे विष आणि जनावराच्या अंगातील साखर



२०२३ सालचा ऑगस्ट महिना आपल्यापैकी कोणी विसरला नसेल. जूनमध्ये पाऊस उशिरा आला, जुलैत पडला आणि ऑगस्टमध्ये त्याने अशी ओढ दिली की १९०१ पासूनच्या नोंदीत इतका कोरडा ऑगस्ट देशाने पाहिलेला नव्हता. पुढे कर्नाटक सरकारने राज्यातील बहुतेक तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले. त्याच दिवसांत निपाणीकडील एका खेड्यातून आपल्याच धर्मग्रामातील एका कुटुंबाचा निरोप आला म्हणून आम्ही दुपारी तिकडे गेलो. गोठ्यात दोन म्हशी मरून पडल्या होत्या आणि दीड वर्षाची एक रेडी मान टाकून धापा टाकीत होती. दोन्ही म्हशींनी सकाळी नेहमीप्रमाणे दूध दिले होते.

घरचा कर्ता दारात बसला होता. आम्हांला पाहून म्हणाला, "फादर, ह्यो रोग न्हवं. हे इख घातलंय. बांधावरचं भांडण तुमास्नी ठावं हायच की." शेजारचे कुटुंबही आपलेच. दोन्ही घरची माणसे रविवारी एकाच मिस्सेला येतात. ओसरीवर तरुण पोरे जमली होती आणि त्यांच्या बोलण्याचा रोख आम्हांला बरा वाटला नाही.

असा संशय येणे अगदीच वेडगळपणाचे आहे, असे मात्र समजू नये. गुंजेच्या बियांचा लगदा करून त्याच्या सुया जनावरांना टोचून मारण्याचा धंदा आपल्या देशात पूर्वी चालत असे, आणि न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत त्याची वर्णने आहेत. तेव्हा शेतकऱ्याच्या मनात तो विचार येणारच. पण तेवढ्यात जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी रेडीच्या पापणीच्या आतला भाग पाहिला, हिरड्या पाहिल्या आणि एकच प्रश्न विचारला, "सकाळी काय घातलं होतं?" उत्तर आले, "कडवळ." गुडघाभर वाढून पावसाअभावी खुरटलेले कडवळ, दोन दिवसांपूर्वी एक सर येऊन गेली तसे त्याला नवे पोंगे फुटलेले, त्याची एकेक पेंढी दावणीत टाकली होती. डॉक्टरांनी रेडीच्या शिरेत दोन औषधे एकामागून एक सावकाश सोडली. पाव तासात ती मान उचलू लागली आणि दिवे लागण्यापूर्वी उभी राहिली. मग त्यांनी मेलेल्या एका म्हशीची तपासणी केली. रक्त लालभडक होते. "विष आहे, पण शेजाऱ्याचं नाही, तुमच्याच रानातलं आहे," असे ते म्हणाले.

आपल्याकडील वृद्ध मंडळींना ही गोष्ट नवी नाही. कोवळा जोंधळा खाऊन जनावर दगावले की त्याला ते किराळ लागणे म्हणतात. पण किराळ म्हणजे नेमके काय, रानातले हिरवे पान तासाभरात धडधाकट म्हैस कसे मारते आणि मेलेल्या जनावराचे रक्त काळे पडण्याऐवजी लाल का राहते, हे समजावून घेतले तर पुढची काळजीही नीट घेता येते. म्हणून या पानावर आज तेवढाच विषय घेत आहोत.

जोंधळ्याच्या पानात धुरीन नावाचे एक द्रव्य असते. १९०२ साली डन्स्टन आणि हेन्री या दोघा इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळे काढले. जोंधळ्याला अरबीत धुरा म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. धुरीनची घडण पाहण्यासारखी आहे. त्यात ग्लुकोज शर्करेलाच सायनाइड बांधून ठेवलेले असते, आणि असे बांधलेले असेपर्यंत ते निरुपद्रवी असते. धुरीन पानाच्या वरच्या सालीच्या पेशींत राहते आणि त्याची गाठ सोडणारे विकर पानाच्या आतल्या पेशींत राहते. विकर म्हणजे इंग्रजीत ज्याला एन्झाइम म्हणतात ते. सजीवांच्या शरीरातील रासायनिक कामे घडवून आणणारी ही प्रथिने होत, आणि प्रत्येक विकर आपले ठराविक कामच करते. पान शाबूत असते तोवर धुरीन आणि त्याचे विकर यांची भेट होत नाही. म्हैस पान चावते, पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक ॲसिड, म्हणजे प्रुसिक ॲसिड, मोकळे होते. किडीपासून आणि चरणाऱ्या जनावरांपासून वाचण्यासाठी वनस्पतीने केलेली ही व्यवस्था आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांना तिचा त्रास अधिक होतो. घोड्याच्या किंवा डुकराच्या पोटातील आम्लामुळे हे विकर बरेचसे निकामी होते. गाईम्हशींच्या पहिल्या पोटात मात्र ते आम्ल नसते, आणि तेथील सूक्ष्म जंतूंजवळही धुरीनची गाठ सोडणारी विकरे असतात.

आता जनावराच्या अंगात काय होते ते पाहू. हा भाग थोडा अवघड आहे, तेव्हा सावकाश वाचावा.

म्हैस, बैल, माणूस, कोणाच्याही शरीरातील पेशींना कामासाठी शर्करेतून शक्ती मिळते. रक्तातून ग्लुकोज पेशीत शिरते आणि तेथे त्याचे टप्प्याटप्प्याने विघटन होते. पहिल्या काही पायऱ्यांना प्राणवायू लागत नाही. त्यांत ग्लुकोजच्या एका रेणूचे दोन तुकडे होतात आणि पेशीला शक्तीची दोन नाणी मिळतात. या नाण्यांना शास्त्रज्ञ एटीपी म्हणतात. पुढच्या पायऱ्या पेशीतील तंतुकणिका नावाच्या बारीक कणांत होतात, आणि खरी कमाई तेथे आहे. सगळे सुरळीत झाले तर एका ग्लुकोजमागे एकूण सुमारे ३० ते ३२ नाणी पदरात पडतात. (आम्ही शाळेत होतो तेव्हा पुस्तकात ३८ हा आकडा होता. नंतरच्या संशोधनाने तो कमी केला.)

ही मोठी कमाई कशी होते? चर्चच्या सभागृहाचा स्लॅब पडतो तेव्हा आपण रांग लावून घमेली पुढे देतो, ते दृश्य डोळ्यांसमोर आणा. समजा, वाळूचा ढीग हलवायचा आहे. पहिला माणूस घमेले भरून दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटचा माणूस ते रस्त्यावरील गाडीत ओततो. पेशीतही शर्करेतून काढलेले विद्युत्कण अशाच रांगेतून हातोहात पुढे जातात, आणि या देवघेवीत जी शक्ती सुटते तिच्यावर एटीपीची नाणी पाडली जातात. रांगेतील शेवटचा गडी म्हणजे सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाचे विकर. त्याच्या हातात लोहाचा एक अणू असतो, आणि त्याच्या जोरावर तो आलेले विद्युत्कण प्राणवायूच्या स्वाधीन करतो. रस्त्यावरची गाडी म्हणजे प्राणवायू.

सायनाइड जाऊन बसते ते नेमके या शेवटच्या गड्याच्या हातातील लोहावर. बाकी कोणाला ते धक्का लावीत नाही. त्या एका माणसाचे हात बांधले गेले की त्याच्यामागचा आपले घमेले कोणाला देणार? तोही थांबतो, त्याच्यामागचाही थांबतो, आणि ढिगापर्यंतची सगळी रांग भरल्या घमेल्यांनिशी उभी राहते. वाळू आहे, माणसे आहेत, रस्त्यावर रिकाम्या गाड्याही एकामागून एक येत आहेत, पण काम बंद. गाड्या आल्या तशा रिकाम्याच पुढे जातात. म्हणूनच रक्तातील प्राणवायू पेशींकडून घेतला जात नाही. एरवी शिरांतून परत येणारे रक्त काळपट असते, कारण त्यातील प्राणवायू पेशींनी काढून घेतलेला असतो. किराळ लागलेल्या जनावराचे परतीचे रक्तही लालभडक राहते आणि हिरड्या, पापण्या लालबुंद दिसतात. जनावर धापा टाकते, पण वाऱ्याची उणीव कोठेच नसते. ज्या विकराला या विषाने अडवले त्याचा शोध लावल्याबद्दल जर्मनीचे ओटो वारबुर्ग यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्या शोधात सायनाइडचाच त्यांना मोठा उपयोग झाला.

साखरेचेही असेच होते. पेशीत आणि रक्तात शर्करा भरपूर असते. अशा विषबाधेत रक्तातील शर्करा उलट वाढलेली आढळते, कारण शरीर घाबरून आपले साठे मोकळे करते. पण तिच्यातून मिळतात ती फक्त पहिल्या पायऱ्यांची दोन नाणी, आणि उरलेल्या तुकड्यांचे लॅक्टिक आम्ल होऊन ते रक्तात साचते. मेंदू आणि हृदय यांचा खर्च सर्वांत मोठा. त्यांना दोन नाण्यांत भागवता येत नाही. मेंदूतील श्वास चालविणारे केंद्र बंद पडते आणि जनावर कोसळते.

पुष्कळ घरी अशा वेळी जनावराला गूळपाणी पाजतात. ते का पुरत नाही, हे आता ध्यानात येईल. रांग पुढे अडली असताना मागे आणखी वाळू ओतून काय उपयोग? शिवाय झटके येणाऱ्या, मान टाकलेल्या जनावराच्या तोंडात काहीही ओतले तर ते घशाऐवजी फुप्फुसात जाते. किराळातून वाचलेले जनावर पुढे त्याने मरते. ज्या घरी आम्ही गेलो होतो तेथेही एका म्हशीला दोन तांबे गूळपाणी पाजले होते. मायेने केले होते, त्यात दोष कोणाचा काढावा?

विकर अडवणे म्हणजे नेहमी घातच, असेही नाही. मधुमेहासाठी रक्त तपासायला आपण जातो तेव्हा साखरेच्या तपासणीचे रक्त राखाडी टोपणाच्या नळीत घेतात, हे पाहिले असेल. त्या नळीत सोडियम फ्लोराइड असते. अंगाबाहेर काढलेल्या रक्तातील पेशीही जिवंत असतात आणि शर्करा खात राहतात. नळी तशीच ठेवली तर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर कमी होते आणि आकडा खोटा येतो. फ्लोराइड त्या पहिल्या पायऱ्यांपैकी एका विकराला, एनोलेजला, अडवते आणि शर्करेची लूट हळूहळू थांबते. ते लगेच थांबवीत नाही, त्याला तास-दोन तास लागतात. म्हणून नमुना लवकर तपासणे बरेच. गोठ्यात जे मारते त्याच तऱ्हेच्या क्रियेने प्रयोगशाळेत खरा आकडा हाती येतो.

आता त्या रेडीकडे परत येऊ. सायनाइडची एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. ते विकराला मोडून टाकीत नाही, नुसते धरून बसते. हात सोडवले तर गडी पुन्हा कामाला लागतो. ही सोडवणूक कशी करावी, हे १९३३ च्या सुमारास अमेरिकेत के. के. चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, आणि आजही जनावरांचे डॉक्टर तीच दोन औषधे वापरतात. पहिले सोडियम नायट्राइट. ते रक्तातील थोड्या हिमोग्लोबिनचे रूप असे बदलते की सायनाइड विकराला सोडून त्या हिमोग्लोबिनला येऊन चिकटते. दुसरे सोडियम थायोसल्फेट. ते यकृताला गंधक पुरवते. यकृतात रोडानेज नावाचे विकर आहे. ते सायनाइडला गंधक जोडून त्याचे जवळजवळ निरुपद्रवी असे थायोसायनेट बनवते, आणि ते लघवीवाटे निघून जाते. जुन्या फोटो स्टुडिओत हायपो म्हणून जे वापरीत ते हेच थायोसल्फेट. परंतु नायट्राइटची मात्रा चुकली तर तेच जनावराला मारते. म्हणून ही औषधे कोणीही घरी आणून स्वतः टोचू नयेत.

यकृताचे हे विकर रोजच काम करीत असते. थोडे विष सावकाश पोटात गेले तर जनावर ते पचवून टाकते आणि आपल्याला कळतही नाही. धोका वेगाने आणि भरपूर खाण्यात आहे. हिशोब करून पाहा. वजनाच्या दर किलोमागे सुमारे २ मिलिग्रॅम हायड्रोसायनिक ॲसिड एकदम अंगात गेले तर ते प्राणघातक ठरते. ४०० किलोच्या म्हशीला ८०० मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅमसुद्धा नाही. खुरटलेल्या कडवळाच्या एका किलोत २०० मिलिग्रॅम विष असू शकते, कधी याहून पुष्कळ अधिक. म्हणजे भुकेल्या म्हशीने चार किलो हिरवे कडवळ घाईने खाल्ले की झाले.

आपल्या भागात ही वेळ केव्हा येते? पहिली वेळ पावसाळ्यातील ओढीची, जी वर सांगितली. पाण्यावाचून खुरटलेल्या जोंधळ्यात विष साचते आणि त्यावर सर पडून नवे पोंगे फुटले की ते पोंगे सर्वांत वाईट. वैरण नाही म्हणून शेतकरी नेमका त्याच वेळी ते कापतो, हे दुर्दैव. दुसरी वेळ शाळू निघाल्यावरची. चिकोडी, अथणी, गोकाककडे शाळू काढल्यावर धसकटे रानातच राहतात, एखादा वळीव पडतो आणि धसकटांना हिरवे फुटवे येतात. उन्हाळ्यात कोठे हिरवे दिसत नाही, तेव्हा गुरे त्यावर तुटून पडतात. तिसरी गोष्ट युरियाची. कडवळ लवकर वर यावे म्हणून युरियाचा मोठा हात मारला तर विषाचे प्रमाण वाढते. पानांत विष अधिक, ताटात कमी. फुलोऱ्यावर येईपर्यंत ते उतरत जाते. म्हणून कडवळ फुलोऱ्यावर आल्यावर कापावे, निदान ते दोन फुटांच्या वर गेल्याशिवाय आणि दीड-दोन महिन्यांचे झाल्याशिवाय दावणीत टाकू नये. खुरटलेल्या पिकाला मात्र ही उंचीची आणि दिवसांची मापे लावू नयेत.

कडबा निर्धास्त घालावा. हायड्रोसायनिक ॲसिड सुमारे २६ अंशांवर उकळते, त्यामुळे नीट वाळवलेल्या वैरणीतून ते बरेचसे उडून जाते. अर्धवट सुकलेली, नुसती मलूल झालेली वैरण मात्र वाळलेली समजू नये. मुरघास केला तर दीड-दोन महिन्यांनी तो उघडून घालता येतो. संशयाच्या रानात गुरे सोडायचीच असतील तर आधी पोटभर कडबा घालून मग सोडावीत. भुकेले जनावर सोडणे म्हणजे जुगार. बाजरी आणि मका यांत हे विष नसते, म्हणून ज्यांच्याकडे पाण्याचा भरवसा नाही त्यांनी हिरव्या वैरणीसाठी थोडी बाजरी पेरून ठेवलेली बरी. (दुष्काळातील मक्यात नायट्रेटचा वेगळा धोका असतो. त्या विषबाधेत रक्त चॉकलेटी होते आणि औषधही निराळे. डॉक्टर रक्ताचा रंग का पाहतात, त्याचे हे एक कारण.)

माणसांविषयी दोन शब्द, कारण आमच्या भगिनी विचारतील. भाकरीत हे विष नाही. हुरडाही खुशाल खावा. पिकलेल्या आणि भरत आलेल्या दाण्यात ते जवळजवळ नसते. पण हल्ली आरोग्यासाठी म्हणून कोणी कोणी मुगामटकीप्रमाणे जोंधळ्याला मोड आणून कच्चे खातात, ते करू नये. जोंधळ्याच्या मोडांत धुरीन भरपूर असते. कोवळा पोंगा म्हशीला वाईट, तर कोवळा मोड पोराला चांगला कसा असेल?

किराळाची खूण अशी. हिरवा जोंधळा खाल्ल्यावर पाव तासापासून दोन-तीन तासांच्या आत जनावर अस्वस्थ होते, जोरजोराने श्वास घेते, तोंडातून लाळ आणि डोळ्यांतून पाणी येते, अंग थरथरते, पाय लटपटतात आणि ते आडवे पडते. उरलेली गुरे ताबडतोब त्या वैरणीपासून दूर करावीत. आजारी जनावराला पळवू नये, चालवू नये. लगेच डॉक्टरांना बोलवावे. १९६२ या क्रमांकावर फोन केला तर जनावरांची फिरती दवाखाना गाडी येते. फोनवर काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि हिरड्यांचा रंग कसा आहे, एवढे सांगावे, म्हणजे डॉक्टर येतानाच योग्य औषध घेऊन निघतील. त्या वैरणीची एक पेंढी बाजूला काढून ठेवावी. लक्षणे सुरू झाल्यावर जनावर दोन तास तगले तर बहुधा वाचते, पण त्या भरवशावर थांबू नये. मेलेल्या जनावराच्या पोटातील वैरणीला कडू बदामासारखा वास येतो, असे पुस्तकांत असते. तो वास काही माणसांना येतच नाही. त्या दिवशी डॉक्टरांना आला, आम्हांला आला नाही.

त्या संध्याकाळी आम्ही घरच्या कर्त्याला घेऊन बांधापलीकडच्या घरी गेलो. तो फार बोलला नाही. शेजाऱ्याने विचारले, "रेडी कशी हाय?" आणि दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस त्याच्या गंजीतला कडबा या गोठ्यात येत राहिला. ती रेडी पुढे व्याली आणि तिच्या चिकाचा खरवस दोन्ही घरी झाला. बांधाची मोजणी अजून व्हायची आहे.